डोस वाढल्याचे पेढे

ओटीत आलेले ब्लाऊजपीस कपाटात साठत जातात, तसे किस्से साठतात. शिवून होत नाहीत, टाकवत नाहीत, आणि कुणाला द्यावेत तर ज्याचे त्यालाच परत जातील ही धास्ती. आमच्या दवाखान्याच्या बाकावरचे किस्से माझ्याकडे असेच पाच वर्षांचे साठलेत. परवा कपाट आवरताना वाटलं, एकदा घड्या मोडून बघाव्यात.

बाक नारायणगावच्या एका दवाखान्यातला. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी तिथं टाइप वन डायबेटिसवाल्यांची तपासणी असते. ही म्हणजे उतारवयात होते ती साखर नव्हे. ही बहुतेकदा लहानपणीच येते. अंगात इन्शुलिन तयार व्हायचं थांबतं, आणि मग ते रोज सुईनं बाहेरून द्यावं लागतं. माझ्या मुक्ताला ती नवव्या वर्षी आली. आता मुक्ता चौदाची आहे.

पहिल्या दिवशी मी मॅडमना, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंना, विचारलं होतं, "किती दिवस घ्यायचं इंजेक्शन?"

"जन्मभर," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, मुक्ताला घेऊन डिंगोऱ्याला घरी आले, आणि त्याच महिन्यात संकष्टीला लेण्याद्रीच्या गणपतीपुढं बोलून बसले: पोरीचं इन्शुलिन सुटू दे, तोवर मी गोड तोंडात घालणार नाही.

व्रतांची मला सवय आहे. सोळा सोमवार झालेत, संकष्टी चालूच असते, चातुर्मासात दरवर्षी काहीतरी सोडते. एका वर्षी वांगी सोडली, एका वर्षी पायातल्या चपला. त्यामुळं गोड सोडणं काही जड वाटलं नाही. पण सासूबाई सोडून घरात कुणाला सांगितलं नाही. मुक्तानं विचारलं तर म्हणायचे, "मला गोडाची आवडच नाही गं."

पुढचे सगळे किस्से त्या एका खोट्यावर उभे आहेत.

*

बाकावर पेशंटसोबत आलेल्या कुणाला स्वतःचं नाव नसतं. मी 'मुक्ताची आई'. शिनोलीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या हौसाआजींना तेवढं नाव आहे, कारण त्या नातीला, सुमनला, घेऊन येतात आणि सुमनपेक्षा जास्त बोलतात.

आजींच्या घरी फ्रीज नाही. इन्शुलिन तर गार राहायला हवं. मॅडमनी त्यांना युक्ती शिकवली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि आतल्या मडक्यात इन्शुलिन. आजींनी मडकं चुलीपासून लांब, देवाच्या कोपऱ्यात मांडलं.

पुढच्या महिन्यात मॅडमनी विचारलं, "मडकं काय म्हणतंय आजी?"

"रोज हळदकुंकू लावती."

"अहो, हळदकुंकू राहू द्या. पाणी घालता ना?"

आजींनी मॅडमकडं असं पाहिलं, जसं काही मॅडमच नवीन शिकायला आल्यात. "त्याबिगर कुकू लावंल व्हय? आधी आंघुळ, मंग कुकू."

त्याच उन्हाळ्यात वळवाच्या वादळात तारा तुटल्या आणि येडगावला दोन दिवस लाईट नव्हती. येडगावचे बाळूभाऊ आमच्या बाकावरचे सगळ्यात जुने पेशंट. चाळिशी उलटलीय, टोमॅटो करतात, आणि बारा वर्षांचे होते तेव्हापासून इन्शुलिन घेतात. त्यांच्या घरी दोन दारांचा मोठा फ्रीज. सगळा साठा कोमट होऊन गेला. नवीन न्यायला आले तेव्हा बाकावर बसून वीजवाल्यांचा उद्धार करत होते.

हौसाआजी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, फ्रीज लाईटवर चालतो. मडकं म्हातारीवर चालतं."

बाळूभाऊंनी हात जोडले.

*

या बाळूभाऊंना साखरेच्या जोडीला थायरॉईडही आहे. रोज सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी घेतात. नवीन कुणी आलं की ते स्वतःची ओळखच तशी करून देतात.

"आमच्या घरात दोन जावा नांदत्यात. साखर ही थोरली जाऊ. आली तीच वाजतगाजत आली, दवाखान्यात ॲडमिट करूनच शांत बसली. थायरॉईड धाकटी. ती आली कधी कळलंच न्हाई. मागल्या दारानं आली आन् गपचूप चुलीपाशी बसली."

"मग पटतं का दोघींचं?" कुणीतरी विचारतंच.

"कशाचं पटतंय राव. एकीनं मीठ कमी टाकलं का दुसरीचा रस्सा बिघाडतो."

आम्ही हसायचो. दर तीन-चार महिन्यांनी हीच गोष्ट, तरी हसायचो. तिच्यात काही शिकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझी चोरी पहिल्यांदा पकडली ती याच माणसानं. बाकावर सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा येतो, पण पेशंटबरोबर येणाऱ्यांना टपरीवाला विचारतो. मी दर वेळी म्हणायचे, "मलाही बिनसाखरेचा."

एकदा भाऊ म्हणाले, "वहिनी, आमची साखर आमच्या रोगानं बंद केली. तुमची कुणी केली?"

"आवडत नाही."

"हां," ते म्हणाले, आणि माझ्या गळ्यातल्या जपमाळेकडं पाहिलं. "आवडत न्हाई त्याला माणूस तोंड वाकडं करतो. तुमी तर हात जोडून नको म्हणता."

त्यांनी पुढं कधी विषय काढला नाही.

*

माकडाचा किस्सा सांगितल्याशिवाय मुक्ता मला सोडणार नाही.

संकष्टीला शाळा सकाळची असली की मी आणि मुक्ता लेण्याद्री चढायचो. पायऱ्या पुष्कळ. मी वाटेत तीनदा बसायचे, आणि तेवढ्यात ती दोनदा वर जाऊन परत माझ्यापर्यंत खाली यायची. अकरा वर्षांची होती तेव्हा. पाठीवर छोटी पिशवी, त्यात इन्शुलिनचं पेन, साखर बघायचं मशीन आणि साखर खाली गेलीच तर खायला बिस्किटं.

लेण्याद्रीच्या माकडांना पिशवीची चेन उघडता येते. एका हुप्प्यानं पिशवी ओढली आणि कड्यावर जाऊन बसला. मी गणपतीचं नाव घेत खालीच उभी. मुक्ता त्याच्यामागं धावली, थेट कड्यापर्यंत. माझा जीव कुठं होता ते माझं मला ठाऊक.

दहा मिनिटांनी परत आली, पिशवी घेऊन.

"पेन त्यानं हुंगलं आणि फेकून दिलं," ती धापा टाकत म्हणाली. "मशीनपण नको म्हणाला. बिस्किटं तेवढी खाल्ली. चार."

"जाऊ दे बाळा, दुसरी घेऊ."

ती कड्याकडं बघत राहिली. "चार खाल्ली, आई. इन्शुलिन न घेता. आणि काही झालं नाही त्याला."

त्या दिवशी गाभाऱ्यात मी माझा नवस परत एकदा म्हटला. देवाच्या लक्षात असेलच, पण म्हटला.

*

आणि मग मागच्या श्रावणात नवस फळायला लागला.

मुक्ताची साखर अधूनमधून खाली जायची. हात थरथरायचे, कपाळावर घाम. मी साखरपाणी द्यायचे, आणि मॅडमनी शिकवून ठेवल्याप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून दोन युनिट कमी. आठ-दहा दिवसांनी परत तेच. परत दोन कमी. दिवसाचे अडतीस युनिट होते ते छत्तीस झाले, मग चौतीस. मी वहीत लिहायचे आणि वही देव्हाऱ्यापुढं ठेवून नमस्कार करायचे.

श्रावणातच मॅडमनी वर्षाच्या तपासणीचा कागद लिहून दिला होता, प्रयोगशाळेत रक्त द्यायचा. इतकं छान चाललेलं असताना रक्त कशाला काढायचं, आधी देवाला दाखवू, म्हणून तो कागद मी गणपतीच्या पाटाखाली ठेवला. तो तिथंच राहिला. मधला शनिवार गौरी-गणपती आणि नवरात्राच्या गडबडीत हुकला. मी फोनवर "सगळं उत्तम" कळवलं, आणि मला खरंच उत्तम वाटत होतं.

नवरात्रानंतरच्या संकष्टीला लेण्याद्री चढताना मुक्ता अर्ध्यात बसली. "तू हो पुढं आई," म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या आधी वर पोचले. पोरगी वयात येतेय, जरा जडावलीय, असं वाटलं. गळ्यातला देवाचा काळा दोरा तिला घट्ट व्हायला लागला होता, तो मी सैल करून बांधला. अंग धरलं म्हणून बरंही वाटलं. पाच वर्षं तिची हाडं मोजली होती मी.

त्या महिन्यात आकडा अठ्ठावीसवर आला. दहा युनिट कमी. मी घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा आटवला, पेढे वळले, नैवेद्य दाखवला आणि तिसऱ्या शनिवारी डबा घेऊन बाकावर गेले.

"कशाचं पेढं?" हौसाआजींनी विचारलं.

"मुक्ताचं इन्शुलिन सुटायला लागलंय. दहा युनिट कमी झालं."

बाकावर एकदम गलका झाला. ज्यांच्या मुलांना चालत होतं त्यांनी मुलांना अर्धा-अर्धा दिला. हौसाआजी पेढा चघळत म्हणाल्या, "वेलदोडा जरा जास्त पडलाय बग, पर ब्येस झालंत."

"असेल हो. नैवेद्याचे, चाखून कुठं बघितले," मी म्हटलं. नैवेद्याचं आमच्याकडं आधी चाखत नाहीत, आणि नंतरचं माझं तर ठरलेलंच होतं.

बाळूभाऊंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून बसले. ते मुक्ताकडं बघत होते. मुक्ता भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "भाईर ऊन किती हाय?"

"ऑक्टोबरचंच की."

"मग पोरीच्या अंगात स्वेटर कशापायी?"

"थंडी वाजते म्हणते हल्ली."

"झोपती लई?"

"हो. शाळेतून बाईंचा निरोप आला होता."

भाऊंनी पेढा परत माझ्या डब्यात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"राग मानू नका. आज नंबर माझा घ्या, पैले आत जा. आन् मॅडमला म्हणावं, गळा बघा."

*

आत गेल्यावर मॅडमनी मुक्ताला पाणी प्यायला दिलं आणि ती घोट गिळत असताना तिच्या गळ्याकडं पाहिलं. मग बोटांनी गळा चाचपला.

"हा दोरा कधी बांधला?"

"दोन वर्षं झाली. लेण्याद्रीचा आहे."

"मधे सैल केला?"

"दोनदा केला."

"कधी कधी?"

"गणपतीत एकदा आणि आता नवरात्र झाल्यावर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मुक्ताची आई, माझ्याकडं गळा मोजायची टेप नाही. तुमच्याकडं होती." मग म्हणाल्या, "श्रावणात रक्ताचा कागद दिला होता मी. कुठं आहे?"

"देव्हाऱ्यात."

"बरं. देवानं रिपोर्ट दिला का मग?"

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच मला जास्त रडू आलं.

रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट आला. मॅडमनी आम्हां दोघींना समोर बसवून सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. आपल्या अंगात रोगाशी लढणारी फौज असते. कुणाकुणाच्या अंगात ती चुकून घरच्यांवरच उठते. मुक्ताच्या अंगात तिनं आधी इन्शुलिन बनवणारी जागा उद्ध्वस्त केली, म्हणून साखर. आता ती गळ्यातल्या थायरॉईडच्या मागं लागलीय. ज्यांच्या अंगात ही चूक एकदा होते, त्यांच्यात पुष्कळदा दुसऱ्यांदाही होते. म्हणून टाइप वनच्या मुलांचं थायरॉईड अधूनमधून बघत राहायचं असतं, लक्षण दिसो न दिसो.

"पण इन्शुलिन कमी का झालं मग?" मी विचारलं.

"थायरॉईड मंदावलं की सगळं अंगच मंदावतं. दिलेलं इन्शुलिन अंगात रेंगाळतं, थोडक्यात पुरतं. म्हणून साखर सारखी खाली जात होती. मुक्ता बरी होत नव्हती, थकत होती."

मी डब्याचं झाकण लावत होते. ते लागेना.

"म्हणजे देवानं कमी केलं नव्हतं?"

मॅडमनी रिपोर्टची घडी घातली. आणि मग मी सगळं बोलून टाकलं, नवस, गोड, पाच वर्षं, पेढे. मुक्ता शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती हे मी विसरूनच गेले.

"तुमच्या हातून हा रोग आला नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आणि रोज एक गोळी घेतली की हे ताळ्यावर येतं. पण एक आत्ताच सांगून ठेवते. गोळी लागू पडली की इन्शुलिन परत वाढेल. तेव्हा घाबरायचं नाही."

बाहेर आले तर हौसाआजी दारातच. त्यांनी सगळं ऐकलं होतं, दार काही जाड नाही. "आगं, पेढं घिऊन आलीस म्हनून तर भाऊचं ध्यान गेलं पोरीकडं," त्या म्हणाल्या. "आता पेढं कुणी करायला लावलं, ते तुझं तू बग."

जुन्नरला गाडी बदलून डिंगोऱ्याच्या एसटीत बसलो. मुक्ता खिडकीशी. आमचा थांबा आला तेव्हा म्हणाली, "माझ्यामुळं तू पाच वर्षं पुरणपोळी खाल्ली नाहीस?"

"तुझ्यामुळं नाही गं. तुझ्यासाठी."

"आणि माझं इन्शुलिन सुटलंच नाही तर?"

मी पिशव्या मोजायला लागले. तीनच होत्या.

*

मॅडमनी जाता जाता विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला थायरॉईड? हे नात्यात असतं पुष्कळदा."

"कुणालाच नाही," मी म्हटलं होतं.

"तुमचं तपासलंय?"

"मला काय झालंय?"

"थकवा येतो?"

"येतो की."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

मॅडम हसल्या, आणि माझंही रक्त घेतलं. निघालं. मुक्तासारखंच, तिच्यापेक्षा जुनं. इतकी वर्षं मी दमायचे ती उपवासानं, असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

आता दोघींना रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि पुढं अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. सासूबाईंना हे फार पटलं. "ह्ये आपल्यातलंच हाय की," म्हणाल्या, आणि पहाटे काकडआरतीला उठवतात तशा आम्हांला उठवायला लागल्या.

अडचण आली ती संकष्टीला. माझी संकष्टी निर्जळी असते, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि गोळी काही कोरडी उतरत नाही. मी पेला हातात घेऊन देव्हाऱ्यासमोर उभी.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाण्यानं मोडेल ना?"

सासूबाई जपाची माळ ओढत होत्या. एक मणी सरकवला, दुसरा सरकवला, मग म्हणाल्या, "गणपतीला उंदीर असतो, तसं गोळीला पानी. त्ये वाहन हाय. वाहन पोटात गेलं म्हनून कुनाचा उपास मोडत न्हाई. घे."

मुक्ता पांघरुणात तोंड घालून हसत होती. एसटीतल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली.

*

माघापर्यंत स्वेटर पेटीत गेला. शाळेतल्या बाईंचा निरोप आला, पण यावेळी बडबड करते म्हणून. गळ्यातला दोरा परत आवळून बांधला. माघातल्या संकष्टीला आम्ही लेण्याद्री चढलो. मी पहिल्या बसायच्या जागी बसले, आणि दुसऱ्या बसायच्या जागी पोचायच्या आत ती वरून खाली आली होती. "आई, चल ना," म्हणत माझ्याभोवती एक फेरी मारली आणि परत वर गेली.

वहीतला आकडाही चढत होता. अठ्ठावीसचे बत्तीस, बत्तीसचे अडतीस. त्या आठवड्यात बेचाळीस झाले. पूर्वी होते त्याहून चार जास्त. वाढत्या वयाची आहे, मॅडम म्हणाल्या, वाढणारच.

शुक्रवारी दुपारी मी दूध आटवायला ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "कशाचा खवा?"

"मुक्ताचा डोस वाढला."

त्यांनी कढईत डोकावून पाहिलं. मग वेलदोडे सोलायला बसल्या.

शनिवारी बाकावर एक नवीन बाई होती, मंचरकडची. शेजारी सहा वर्षांची मुलगी, सुईच्या भीतीनं आईच्या पदरात गेलेली. बाईंचे डोळे सुजलेले. त्यांचा तो पहिलाच शनिवार होता.

मी डबा उघडला आणि वाटत वाटत त्यांच्यापाशी आले. त्यांनी पेढ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या डायबेटिसच्या तक्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कशाचे?"

"माझ्या मुलीचं इन्शुलिन वाढलं. बेचाळीस झालं."

"वाढलं म्हणून?"

"हो."

बाईंनी पदर घट्ट ओढून घेतला आणि मुलीला जवळ घेतलं. आपण कुठं येऊन पडलो, असा चेहरा.

"घ्या, घ्या," बाळूभाऊ पलीकडून म्हणाले. "इथं असंच असतंय. मागल्या टायमाला कमी झालं म्हणून वाटलं व्हतं, तवा मी खाल्ला न्हवता." असं म्हणून त्यांनी शर्ट वर करून पोटाला पेन लावलं आणि दोन पेढे उचलले. एक थोरल्या जावेचा, एक धाकटीचा म्हणाले.

मुक्ता उठून त्या छोट्या मुलीसमोर उकिडवी बसली. स्वतःचं पेन काढलं, चकती फिरवली.

"हे बघ. एका पेढ्याला मला दोन लागतात. ऐक हं, टिक, टिक." तिनं पोटाला टोचलं. "झालं. आता हा पेढा माझा. तुला किती लागतात ते आत मॅडम सांगतील, मग तूपण खा."

मुलगी पदरातून अर्धी बाहेर आली. तिच्या आईचं रडं थांबलं होतं, की राहून गेलं होतं, कोण जाणे.

मुक्तानं आपला पेढा तोंडात टाकला. मग डब्यातला दुसरा घेऊन ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आई, मला याचे दोन युनिट लागतात," ती म्हणाली. "तुला किती लागतात?"

हौसाआजींनी चहाचा कप खाली ठेवला. बाळूभाऊ खिडकीतून बाहेर बघायला लागले. मुक्ताचा हात तसाच माझ्या तोंडापुढं, आणि हात जराही थरथरत नव्हता.

मी तोंड उघडलं.

हौसाआजी खरंच सांगत होत्या. वेलदोडा माझा जास्तच पडतो.